मुदतीचा साचा

"हा साचा काढून टाक, कुंदा."

खानझोडे सरांनी मसुदा माझ्याकडे सरकवला. एका अख्ख्या पानावर त्यांनी लाल पेनानं तिरकी रेघ ओढली होती. बाकीच्या पानांवर बारीकसारीक दुरुस्त्या होत्या, समासात त्यांच्या वळणदार अक्षरातले शेरे होते. या पानावर शेरा नव्हता. नुसती रेघ.

"का, सर?"

"गुंता वाढतो. एका जागेवर एकच गोष्ट, हे तुला मी पहिल्या वर्षाला शिकवलं होतं."

"डोळ्यांना दिसतं ते लिहायचं, हेही तुम्हीच शिकवलं होतं."

"वाद नको. उद्या अकराला बैठक आहे. सगळ्या खात्यांचे साहेब येणार आहेत. तोवर हे पान काढ आणि मसुदा नीट करून ठेव."

"नाही काढणार."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांना मी तोवर कधी 'नाही' म्हटलं नव्हतं. तंत्रनिकेतनात मुलींच्या हातात मोजणीची दुर्बीण देणारे ते पहिले मास्तर. 'मुली सावलीत बसून नोंदी करतील' असं बाकीचे म्हणायचे, तेव्हा या माणसानं भर उन्हात मला तिपाईपाशी उभं केलं होतं आणि म्हणाले होते, "शेंडे, लाव डोळा." पवनीच्या शिंप्याच्या दुकानातून आलेल्या मुलीला पुढे नोकरीही त्यांनीच लावून दिली. त्यामुळे तो शब्द तोंडातून गेला आणि माझे मलाच कान गरम झाल्यासारखे वाटले. पण मागे घेतला नाही.

"उद्या सकाळी लवकर ये," ते म्हणाले. "बैठकीआधी बोलू."

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. नागपुरात तेव्हा विभागाच्या नकाशांसाठी एक छोटं केंद्र निघालं होतं. सर त्याचे प्रमुख. मी आणि कामठीचा इम्तियाज काझी, दोघं कंत्राटावर. काम होतं सगळ्या खात्यांच्या नकाशांसाठी एक मानक तयार करण्याचं. आई विचारायची, "म्हणजे तू करतेस तरी काय?" तिला सांगायला मला बराच वेळ लागायचा. प्रत्येक खात्याचा आपापला नकाशा होता. एकाच तलावाला एका खात्यात नंबर, दुसऱ्यात नाव, तिसऱ्यात भलतंच नाव. एकाचा रस्ता दुसऱ्याच्या नकाशावर ठेवला की तो नदीच्या मधोमध जाऊन पडायचा. आधीच्या पावसाळ्यात एका गावासाठी निघालेल्या बोटी त्याच नावाच्या दुसऱ्या गावाला जाऊन पोचल्या होत्या. तेव्हा सगळ्यांनी एकाच भाषेत लिहावं, एवढंच आमचं म्हणणं.

पण प्रत्येक गोष्टीसाठी वेगळे नियम लिहायला बसलो असतो तर जन्म पुरला नसता. विहिरीचे वेगळे, शाळेचे वेगळे, कालव्याचे वेगळे. मग इम्तियाज आणि मी साचे काढले. आईला मी म्हटलं, "तुझ्या सोऱ्यासारखं आहे. भांडं तेच, चकती बदलली की कधी शेव, कधी चकली." नावाचा एक साचा केला: एका जागेला कितीही नावं असोत, कोण कुठल्या नावानं हाक मारतं ते लिहायचं. तो गावाला चालला, ओढ्याला चालला, दवाखान्यालाही चालला. दुसरा नोंदीचा साचा: जे काही लिहाल ते कुणी ठरवलं, कधी आणि कशावरून, हे सोबत लिहायचंच. त्याशिवाय संगणक ती नोंद घ्यायचाच नाही. आणि तिसरा मुदतीचा: एखादी गोष्ट एखाद्या जागी वर्षातून कधीपासून कधीपर्यंत असते.

सरांनी रेघ मारली होती ती या तिसऱ्यावर.

तो साचा आम्हाला सुचला पांढरझरीला. पांढरझरीचा जलाशय आम्ही नमुना म्हणून निवडला होता, आमचे नियम प्रत्यक्षात टिकतात का ते पाहायला. सरांना मी म्हटलं होतं, चला ना आमच्याबरोबर. ते म्हणाले, "मला तिकडे काम नाही. तुम्ही जा." मग मी आणि इम्तियाज फाल्गुनात गेलो. धरणखात्याच्या नकाशात जलाशयाची हद्द निळी रंगवलेली होती. त्या हद्दीवर उभं राहून पाहिलं तर पाणी पार लांब, हातभर चमकणारी पट्टी. आणि आमच्या पायापासून त्या पट्टीपर्यंत सगळं हिरवंगार. हरभरा, गहू, लाखोळीची निळी फुलं, पाण्याजवळच्या ओल्या गाळात काकडीचे वेल. जागोजागी माणसं वाकून काम करत होती.

"कुंदा, आपण पाण्यात उभे आहोत," इम्तियाज हातातल्या यंत्राकडे बघत म्हणाला. "नकाशाप्रमाणे चांगले गळ्यापर्यंत."

आम्ही हसत होतो, तेवढ्यात एक बाई विळा हातात घेऊनच समोर आली. साठीच्या आसपासची, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पाय गाळानं माखलेले.

"कोन हाव जी तुमी? कायले मोजून राहिले?"

"नकाशा करतोय, मावशी."

"मागच्या बारी एक जन असाच आला होता. मोजून गेला आन् मागून नोटीस आली. तुमी काय लिवान ते मले सांगून जा. नाही त तो डबा ठेवून जा इथं."

डबा म्हणजे आमचं यंत्र. इम्तियाजनं ते छातीशी धरलं. मी म्हटलं, "तुम्हीच सांगा, काय लिहू?"

"लिवा, यमुना मारबते इथंच आहे."

मग तिनं आम्हाला फिरवलं. गाव बुडालं तेव्हा अर्धी माणसं मोबदला घेऊन शहरात गेली. उरलेली वरच्या माळावर झोपड्या बांधून राहिली. पाणी चढलं की ती वर जातात, पाणी उतरलं की खाली येतात. जिथून पाणी हटेल तिथे पेरतात. गाळपेर म्हणतात त्याला. "पानी काई बाराई महिने राहत नाही," यमुनाबाई म्हणाली, "मंग आमी कायले वरच बसून राहावं?" एका दगडी जोत्यावर लाल मिरच्या वाळत घातल्या होत्या. ती म्हणाली, शाळा होती ती.

परतताना गाडीत इम्तियाजनं यंत्रावरच्या नोंदी पुन्हा चाळल्या. मग म्हणाला, "आपल्या नियमाप्रमाणे ही बाई नाहीच. जागेवर एकच गोष्ट लिहायची, तर तिथे पाणी आहे. मग यमुनाबाई काय, मासा?"

"आणि शेत लिहिलं तर?"

"तर पावसाळ्यात धरण नाही."

त्या प्रवासातच मुदतीचा साचा तयार झाला. आणि एकदा झाल्यावर तो सगळीकडे बसायला लागला. पावसाळ्यात बुडणारा फरशीचा पूल. बुधवारी रस्त्यावर भरणारा बाजार. वैनगंगेच्या वाळूत उन्हाळ्यापुरत्या लागणाऱ्या टरबुजांच्या डांगरवाड्या. उन्हाळ्यात जंगलात लागणारी तेंदूपानांची खरेदी केंद्रं. वीटभट्टीवर चालणारी मुलांची हंगामी शाळा. जिथे जिथे खाती 'आमचा अपवाद करा' म्हणत अर्ज पाठवत होती, तिथे तिथे हा एकच साचा पुरत होता. सरांनीही आधी त्याचं कौतुक केलं होतं. "कुणाची कल्पना?" असं विचारून माझ्या पाठीवर थाप मारली होती. मग मी नमुन्याचा अहवाल दिला, त्यात पांढरझरीचं उदाहरण लिहिलं, यमुनाबाईंचं नाव लिहिलं. त्यानंतर सर साच्याबद्दल बोलेनासे झाले. आणि आता ही रेघ.

मला वाटलं होतं की यामागे तिजारे साहेब असतील. धरणखात्याचे मोठे अधिकारी, बैठकीत सगळ्यात जोरात बोलणारे. मानक मंजूर झालं की उपग्रहाची चित्रं त्यावर ठेवून अतिक्रमणं आपोआप शोधायची, हा त्यांचा बेत सगळ्यांना माहीत होता. जलाशयाच्या हद्दीत पाण्याखेरीज जे दिसेल ते लाल. लाल दिसलं की नोटीस. नोटिशीनंतर शेतं उखडायला बुलडोझर. पूर्वी मोजायला माणूस यायचा, त्याच्यापुढे विळा घेऊन उभं राहता यायचं. आता कुणी येणारच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरांच्या खोलीत गेले तेव्हा ते खिडकीशी उभे होते. बसायलाही म्हणाले नाहीत.

"तिजारेंनी सांगितलं म्हणून मी रेघ मारली, असं वाटतं तुला?"

"हो."

"तिजारे बोलले माझ्याशी. पण त्यांनी सांगितलं नसतं तरी मी मारली असती." ते वळले. "पांढरझरी माझं गाव आहे, कुंदा."

इतकी वर्षं मी सरांना ओळखत होते. त्यांचं गाव कुठलं, हे मी कधी विचारलं नव्हतं आणि त्यांनी सांगितलं नव्हतं.

"तू ज्या जोत्याचं लिहिलंयस ना अहवालात, मिरच्या वाळत होत्या म्हणून, ती आमची शाळा. तिच्या मागे घर. यमुना माझ्याच वर्गात होती. मोबदला घ्यायचा नाही, हलायचं नाही, असं गावानं ठरवलं होतं. सगळ्यांनी हात वर केले होते. आमच्या बाबांनी पहिला मोबदला घेतला. मला शिकवायचं होतं म्हणून. मग एकेक जण निघाला." त्यांनी घसा खाकरला. "इथे आल्यावर बाबा मला रोज विचारायचे, पाणी कुठवर आलं रे? मी सांगायचो, सगळं गेलं, बाबा. काही उरलं नाही. कुणी उरलं नाही. असं सांगितलं की त्यांना झोप लागायची. मीही तेच मानून जगलो. तिथे पाणी आहे. फक्त पाणी. आणि आता तू सरकारी नकाशावर लिहिणार की दरवर्षी पाणी उतरतं, माझ्या घराची जागा उघडी पडते आणि जी माणसं गेली नाहीत ती तिथे पेरतात."

"सर..."

"मी अधिकारी म्हणून सांगत नाही. माझ्यासाठी काढ. एवढं एक पान."

त्या माणसानं माझ्याकडे आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं. हो म्हणणं किती सोपं होतं! पान काढायचं, बाहेर जायचं, चहा घ्यायचा. पण डोळ्यांपुढे ती विळा घेतलेली बाई उभी राहिली, आणि सरांचं ऐकलं तर तिला मी स्वतःच्या हातानं पाण्यात ढकलणार होते, दरवर्षी, कायमची.

"मला वाईट वाटतंय, सर," मी म्हणाले. "खरंच वाटतंय. पण जिथे पाणी नाही तिथे पाणी आहे असं मी लिहिणार नाही."

"माझ्यासाठीसुद्धा?"

"तुमच्यासाठी तर नाहीच. तुम्हीच मला दुर्बिणीला डोळा लावायला शिकवलंत. आता मिटून घे म्हणता?"

त्यांचा चेहरा कठोर झाला. "मग मी इम्तियाजकडून लिहून घेईन."

"घ्या. मी बैठकीत विरोध करीन. सगळ्यांसमोर."

"तू कंत्राटावर आहेस, हे लक्षात आहे ना?"

"आहे, सर."

मी बाहेर आले. इम्तियाज पडद्याची वायर जोडत होता. त्याला मी दोन वाक्यांत सांगितलं. तो म्हणाला, "माझ्या घरी तीन लेकरं आहेत, कुंदा. मी तुझ्यासारखा बोलू शकणार नाही." मग वायर खोचत म्हणाला, "पण टाइप करताना माझा हात फार हळू चालतो, हे सगळ्यांना माहीत आहे."

अकराला बैठक सुरू झाली. लांब टेबल, बिस्किटांच्या बशा, प्रत्येकापुढे मसुदा. नावाच्या साच्याला कुणी आडवं आलं नाही. नोंदीच्या साच्यावर तर तिजारे साहेबांनी स्वतः शाबासकी दिली. "हे उत्तम आहे. प्रत्येक गोष्टीला जबाबदार माणूस पाहिजे." मग मुदतीचं पान आलं. मी ते काढलेलं नाही हे सरांनी पाहिलं, पण काही बोलले नाहीत.

तिजारे साहेब बोलले. "हे पान वगळायचं ठरलं होतं ना?"

"मी वगळलं नाही, साहेब," मी म्हणाले. "आणि वगळू नये असं माझं म्हणणं आहे."

"मॅडम, तुमचं म्हणणं इथे कुणी विचारलेलं नाही."

"मग बाकीच्या साहेबांना विचारते." मी बांधकामवाल्या अधिकाऱ्यांकडे वळले. "सर, हा साचा गेला तर तुमचे फरशीचे पूल वर्षभर रस्ते दिसतील. पावसाळ्यात गाड्या त्यावरून पाठवायच्या का?" जंगलखात्याच्या बाईंना म्हटलं, "मॅडम, तुमची तेंदूची केंद्रं एकतर बारा महिने राहतील, नाहीतर नसतीलच." शाळावाल्यांना विचारलं, बाजारवाल्यांना विचारलं. खोलीत कुजबुज सुरू झाली. जंगलखात्याच्या बाई म्हणाल्या, "आम्हाला तर हा साचा हवाच आहे. आमचे निम्मे अर्ज यासाठीच होते."

तिजारे साहेब हुशार होते. त्यांनी हात वर केला. "ठीक आहे, ठीक आहे. साचा राहू द्या. माझं काही म्हणणं नाही. फक्त एक ओळ वाढवा. जलाशयाच्या हद्दीत मुदत लागू नाही. खानझोडे साहेब?"

सर माझ्याकडे न बघता म्हणाले, "मान्य आहे. इम्तियाज, लिहा."

इम्तियाजनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "लिही. पण मोठ्या पडद्यावर लिही, आणि पांढरझरीच्या नमुन्याला लगेच लावून दाखव. मे महिना लाव."

त्यानं हळूहळू, एकेका अक्षराला बोट टेकत ती ओळ लिहिली. पडद्यावर मे महिन्यातला पांढरझरी जलाशय होता, वाळून आक्रसलेला. इम्तियाजनं कळ दाबली. निळा रंग चारी बाजूंनी पसरत गेला आणि काठोकाठ जाऊन थांबला.

शेतीखात्याचे अधिकारी पुढे वाकले. "अरे वा. मेमध्ये एवढं पाणी? तिजारे साहेब, मग उन्हाळी धानाला पाणी नाही म्हणून आमच्या लोकांना दरवर्षी परत का पाठवता?"

कुणीतरी हसलं. मग बरेच हसले. तिजारे साहेबांच्या कपाळावर आठी चढली.

"पाण्याला मुदत लावा," ते म्हणाले. "शेतीला लावू नका. हे तर करता येतं ना, मॅडम?"

"करता येतं."

"मग करा."

"पाणी कधी कुठवर आहे ते लिहिलं की कधी कुठे नाही तेही लिहिलं जातं. त्या जागेत काय आहे ते बघू नको, असं संगणकाला सांगता येईल. पण ते मोजून आलेलं नाही, साहेब. ते कुणीतरी ठरवलेलं आहे. आणि मघाशी तुम्हीच मंजूर केलेला नोंदीचा साचा विचारतो, कुणी ठरवलं आणि कशावरून." मी इम्तियाजजवळ जाऊन उभी राहिले. पडद्यावर दोन रिकाम्या चौकटी होत्या. "इथे कुणाचं नाव घालू? तुमचं घालू?"

"माझं कशाला? हा समितीचा निर्णय आहे."

"समिती हे नाव तो घेत नाही. माणूस लागतो. तुम्हीच म्हणालात, जबाबदार माणूस पाहिजे."

"हा उद्धटपणा आहे!" त्यांनी टेबलावर हात आपटला. बशीतलं बिस्कीट उडालं. "कंत्राटावरची पोरगी आम्हाला शिकवणार? कोण आहात तुम्ही?"

"मी कुंदा शेंडे. माझं नाव घालायचं असेल तर मी सांगते काय लिहायचं ते. तिथे पाणी उतरल्यावर शेती होते. मी स्वतः पाहिली. फाल्गुनात पाहिली. घालू?"

तिजारे साहेब सरांकडे वळले. "खानझोडे साहेब, अध्यक्ष तुम्ही. तुमचं नाव घाला आणि मिटवा हे."

इम्तियाजनं पडद्यावर 'अशोक' लिहिलं आणि थांबला. मला त्याचा राग आला नाही. त्याला तसं सांगण्यात आलं होतं. सर त्या शब्दाकडे बघत होते. पडद्यावर निळ्या रंगात बुडालेलं पांढरझरी, आणि बाजूला त्यांचं अर्धं नाव. मी मनात म्हटलं, आता ते 'घाला' म्हणतील. म्हणाले असते तरी मी ती खोली सोडून जाणार नव्हते. प्रत्येक अधिकाऱ्याला पुन्हा तेच विचारणार होते.

"पुसा ते," सर म्हणाले.

"काय?"

"माझं नाव पुसा. ती ओळही पुसा. साचा राहील, आहे तसा." त्यांनी पान उलटलं. "पुढचा विषय."

"काल आपलं बोलणं झालं होतं," तिजारे साहेब दबक्या आवाजात म्हणाले, पण ऐकू सगळ्यांना गेलं.

"झालं होतं," सर म्हणाले. "पुढचा विषय."

बैठक संपल्यावर ते माझ्याशी बोलले नाहीत. छत्री घेतली आणि निघून गेले. मी त्यांच्या मागे गेले नाही.

पुढच्या आठवड्यात मला वरून निरोप आला. तिजारे साहेबांना माझं वागणं अपमानास्पद वाटलं होतं. दिलगिरीची एक ओळ लिहून दिली तर माझं कंत्राट वाढेल. निरोप आणणारे गृहस्थ भले होते, समजावून सांगत होते. "अहो, एका ओळीनं काय होतं?"

"एका ओळीनं काय होतं, तेच तर मी त्या दिवशी दाखवलं," मी म्हणाले.

कंत्राट वाढलं नाही. इम्तियाज माझ्या खोलीतलं सामान रिक्षात ठेवू लागला. त्याला नजर वर करवत नव्हती. मी त्याला म्हटलं, "तुझा हात हळू चालला म्हणून मला बोलायला वेळ मिळाला." मला रायपूरला काम मिळालं. तिथेही मी हेच केलं: नाव, नोंद, मुदत. तिथल्या एका साहेबांनीही पहिल्याच बैठकीत विचारलं, हा मुदतीचा साचा काढता येईल का? मी हसून 'नाही' म्हणाले. तेव्हा कान गरम झाले नाहीत.

पांढरझरीचं सगळं भलं झालं, असं म्हणणार नाही. त्या उन्हाळ्यात उपग्रहाची चित्रं नकाशावर बसली, तेव्हा जलाशयाच्या हद्दीतली शेतं लाल झाली नाहीत. त्यांच्यावर 'गाळपेर, हंगामी' असं आलं. हक्क कुणाला मिळाला नाही. हक्काचा झगडा यमुनाबाई आणि तिची माणसं पुढेही कितीतरी वर्षं कचेरीत जाऊन लढत राहिली. पण तिथे कुणी नाहीच, असं आता कुणालाच म्हणता येत नव्हतं.

वर्ष उलटलं. एप्रिलमध्ये सरांचा फोन आला. बैठकीनंतरचा पहिलाच.

"कुंदा, मी निवृत्त झालो."

"कळलं, सर. इम्तियाज म्हणाला."

"सुट्टी मिळेल का तुला एक दिवस? पांढरझरीच्या कडा नीट मोजलेल्या नाहीत. तुमची मोजणी घाईची होती."

आमची मोजणी घाईची नव्हती. मी म्हटलं, "येते."

भंडाऱ्याहून आम्ही बसनं गेलो. सर खिडकीशी बसले होते, रस्ताभर बाहेर बघत. माळावर उतरलो तेव्हा दुपार कलत होती. खाली पाणी पार आटलेलं, गाळाला भेगा पडत चाललेल्या, मधे मधे हिरवे पट्टे. सर कडेला उभे राहून चारी दिशांना बघत होते. कुठे काय होतं ते त्यांना लागत नव्हतं हे मला दिसत होतं.

यमुनाबाई खालून आली. मला ओळखून हसली. मग सरांकडे बघत थांबली. कपाळावर हात आडवा धरून तिनं त्यांना नीट न्याहाळलं.

"अशोक ना तू? खानझोड्याचा?"

"हो."

"डोस्क्यावरचे केस गेले सारे."

सरांनी डोक्यावरून हात फिरवला.

"आता आलास? कायले आलास?"

"मोजायला."

"मोज. पन सांगून ठेवतो, आमी हालत नाही. तुही जागा म्हनशील त ती तुह्या बापानं सोडली. आमी नाही सोडली."

"माझी नाही म्हणत मी, यमुना."

"मंग ठीक."

सरांनी पुन्हा एकदा खालच्या उताराकडे पाहिलं. मग सर म्हणाले, "आमचं घर कुठे होतं?"

"तुले माईत नाही?"

"ओळखू येत नाही गं."

तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. राग गेला असं मी म्हणणार नाही. तिनं विळ्याच्या टोकानं खाली दाखवलं. "ते काकडीचे येल दिसतेत? त्याच्या पल्याड. शाळा सोडून जो ओला भाग आहे, तिथंच. बूट काढून जा, चिखल आहे. आन् माहे येल तुडवशील त बघ."

सरांनी वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या. मोजे काढून बुटात कोंबले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. माझ्या हातातून यंत्र घेतलं आणि उतारावरून खाली निघाले, एकेक पाऊल जपून टाकत.

"सर, मी येऊ?"

त्यांनी मागे न बघता हात हलवला, नको म्हणून. ओल्या गाळात त्यांचा पाय घोट्यापर्यंत गेला, ते अडखळले, सावरले.

यमुनाबाई माझ्याशेजारी क्षणभर उभी राहिली. मग विळा कमरेला खोचून तीही त्यांच्यामागे उतरू लागली.

"डावीकडून जा!" ती ओरडत होती. "तिकडून नाही रे, डावीकडून!"